केळीचे पैसे डिजिटल हेल्थमध्ये टाकावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "मी रावेरकडचा. यंदा केळीला भाव बरा मिळाला, हाताशी दहा-बारा लाख आहेत. डिजिटल हेल्थमध्ये पुढे खूप पैसा आहे असं वाचतो. दोन प्रस्ताव आलेत. एक, ऑनलाइन औषधं विकणाऱ्या कंपनीचे अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेले, शेअर. दुसरा, पुतण्याच्या मित्राचं स्टार्टअप, गावोगावी व्हिडिओवर डॉक्टर दाखवणारं. टाकावेत का?"

भाऊ, आधी माझी पात्रता सांगतो. मी अमळनेरचा. चौदा वर्षं धुळे, जळगाव, नंदुरबारच्या छोट्या दवाखान्यांना आणि लॅबना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो, आणि ते बंद पडलं की मोटरसायकल काढून चालू करायला जातो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही. या धंद्यात एकदा स्वतःचे पैसे बुडवलेत, एवढंच.

आमच्या गावात शेअरचा विषय निघाला की पाच मिनिटांत विप्रो येते. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचे शेअर ज्यांनी घेतले आणि पेटीत ठेवून विसरले, त्यांची पुढची पिढी कोट्यधीश झाली. तीच विप्रो १९९० मध्ये जीईबरोबर भागीदारी करून हॉस्पिटलच्या मशिनींच्या धंद्यात उतरली, हे मात्र गावात फार जणांना माहीत नसतं. पण याच गावात प्रताप मिलही होती. तिचा भोंगा कधीचाच थांबला आणि तिची गोष्ट ओट्यावर कोणी सांगत नाही. तुमच्याकडे प्रस्ताव घेऊन आलेला माणूस विप्रोची गोष्ट सांगेल, लिहून ठेवा.

आता माझं नुकसान. करोना ओसरल्यावर आम्ही तिघा मित्रांनी मिळून एका कंपनीचं 'हेल्थ एटीएम' घेतलं. उभं कपाट, त्याला स्क्रीन. वजन, बीपी, ऑक्सिजन, शुगर, ईसीजी सगळं एका ठिकाणी, पन्नास रुपयांत रिपोर्टची चिठ्ठी. तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये बसवलं, नारळ फोडला. पहिला महिना कॉलेजची पोरं वजन करायला यायची. मग बीपीच्या पट्ट्याचा व्हेल्क्रो सैल झाला. शुगरच्या स्ट्रिपांची तारीख उलटली आणि नव्या स्ट्रिपा त्याच कंपनीकडून, ती सांगेल त्या भावाने घ्याव्या लागतात हे तेव्हा कळलं. ईसीजीच्या वायरी लावायला मेडिकलमधल्या पोराला वेळ नसायचा, आणि बाया त्याच्याकडून लावून घेणार तरी कशा? नारळ फोडला त्या दिवशीच एका आजोबांनी मशीनभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "मशीन ते बेस शे, पन तेनाजोडे बठी कोन?" म्हणजे मशीन चांगलं आहे, पण त्याच्याजवळ बसेल कोण? आम्ही हसलो होतो. दिवाळीपर्यंत त्या स्क्रीनसमोर ओआरएसचे खोके रचलेले होते. माझ्या वाट्याचे एक लाख दहा हजार गेले.

तेव्हापासून कोणी काहीही दाखवलं तरी मी आजोबांचा प्रश्न विचारतो, आणि त्याला माझा एक जोडतो: पैसे कोणाच्या खिशातून येणार?

मोठ्या लोकांनीही हे न विचारता पैसे टाकले. रॉक हेल्थ नावाची संस्था अमेरिकेतल्या गुंतवणुकीचा हिशेब ठेवते. तिच्या आकड्यांनुसार २०२१ साली तिथे डिजिटल हेल्थमध्ये सुमारे २९ अब्ज डॉलर आले आणि २०२३ मध्ये ११ अब्जही भरले नाहीत. टेलाडॉक या व्हिडिओ डॉक्टरवाल्या कंपनीने २०२० मध्ये मधुमेहाच्या पेशंटवर लक्ष ठेवणारं लिव्होन्गो १८.५ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. दोन वर्षांनी टेलाडॉकने १३ अब्जांहून जास्त तोटा दाखवला, कारण घेतलेल्या मालाची किंमत वहीत खाली आणावी लागली. लंडनची, अशीच फोनवर डॉक्टर देणारी बॅबिलॉन २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात चार अब्जांच्या वर मूल्यांकनाने उतरली आणि २०२३ मध्ये कोसळली. करोनात सगळे घरात अडकले होते म्हणून फोनवर डॉक्टर बघत होते. दार उघडल्यावर माणसं परत दवाखान्यात जाऊन बसली. खान्देशात तर सुई टोचल्याशिवाय पेशंटला बरंच वाटत नाही, ते सोडा.

आता तुमचा पहिला प्रस्ताव. कंपनीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. पण या धंद्यातलं जाहीर उदाहरण फार्मइझीचं आहे. २०२१ मध्ये मूल्यांकन ५.६ अब्ज डॉलर, त्याच वर्षी थायरोकेअर या लॅब कंपनीचा ६६ टक्के हिस्सा साडेचार हजार कोटींना घेतला, आयपीओचे कागद सेबीकडे गेले. २०२२ मध्ये ते कागद परत घेतले आणि २०२३ मध्ये कर्ज फेडायला राइट्स इश्यू (आधीच्याच भागधारकांना नवे शेअर) काढला तो आधीच्या किमतीपेक्षा सुमारे ९० टक्के खाली. यात लबाडी शोधू नका, औषधाच्या धंद्याचं गणितच तसं आहे. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला असतो. त्यावर २० टक्के सूट, वर घरपोच डिलिव्हरी. मधला पैसा कोणाचा? शेअर घेणाऱ्याचा. त्यात ज्यांच्याकडे बाकीचे धंदे आहेत अशी मोठी घराणी आत आली, नेटमेड्स रिलायन्सने घेतलं, वनएमजी टाटांनी. त्यांना दहा वर्षं तोटा परवडतो. तुम्हाला केळीवरच्या सीएमव्ही रोगाचा एक हंगाम परवडत नाही.

अनलिस्टेड शेअरचं आणखी एक. विकायला गेलात की गिऱ्हाईक नसतं, भाव दलाल सांगेल तो. असे व्यवहार चालवणाऱ्या बिगरमान्यताप्राप्त ऑनलाइन प्लॅटफॉर्मांबद्दल सेबीनेच डिसेंबर २०२४ मध्ये सावध केलं होतं. पहिल्या प्रस्तावाला माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

दुसऱ्यावर जरा जास्त लिहितो, कारण गरज खरी आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही पेशंट बांबूच्या झोळीतून खाली आणतात, आणि नर्मदेच्या फुगवट्यात बोटीची अॅम्ब्युलन्स लागते. तिथे व्हिडिओवर डॉक्टर मिळाला तर कोणाला नको? पण तो मिळतोय, आणि फुकट मिळतोय. सरकारची ई-संजीवनी ही व्हिडिओ डॉक्टरची सेवा २०१९ पासून आहे, फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. पुतण्याच्या मित्राला विचारा, फुकटाच्या शेजारी दोनशे रुपयांची पाटी कशी लावणार?

मी एकदा धडगावकडे एका लॅबचा प्रिंटर बघायला गेलो होतो, तेव्हा जवळच्या उपकेंद्रात हे चालताना पाहिलं. आत रेंज नव्हती. सीएचओ (उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी) ताई टॅब घेऊन पायरीवर आल्या, एका ठरावीक कोपऱ्यात उभ्या राहिल्या, कारण तिथे दोन कांड्या येतात. बाकावर एक म्हातारी. पलीकडून डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" ताईंनी ते तिथल्या पावरी बोलीत विचारलं. म्हातारी बरंच बोलली, हातवारे करून. ताईंनी डॉक्टरांना एका वाक्यात सांगितलं, मग स्वतःच पोट दाबून पाहिलं आणि ते कळवलं. औषध त्यांच्याच कपाटातून दिलं. कॉल चार मिनिटांचा, त्याच्या आधी आणि नंतर ताईंची चाळीस मिनिटं. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे या ताई, आणि त्यांचा पगार सरकार देतं. तुमच्या स्टार्टअपच्या कागदात अशा बाईचा पगार कुठे लिहिलाय ते शोधा. मी पैज लावतो, "स्थानिक प्रतिनिधी, कमिशनवर" असं लिहिलेलं असेल.

आणि तिथे बसणारे डॉक्टर एमबीबीएस किंवा त्यावरचे, नोंदणी असलेलेच आहेत ना, हेही बघा. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले. पहिल्याच व्हिडिओ भेटीत काय लिहून देता येतं, फोनवर काय अजिबात देता येत नाही, सगळं त्यात आहे. शिवाय पेशंटची माहिती साठवणार म्हणजे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लक्षात घ्यावा लागतो, त्यातला दंड २५० कोटींपर्यंत जातो. आमच्याकडे लॅबवाले अजून एचआयव्हीचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे होतात, म्हणून सांगतो.

मग या क्षेत्रात पैसा कोण कमावतं? शेअर बाजारात २०२४ मध्ये आलेल्या इंडिजिन, सॅजिलिटी, आयकेएस हेल्थ या तिन्हींकडे बघा. बिलं कोण भरतं? मुख्यतः अमेरिकेतल्या औषध कंपन्या, विमा कंपन्या आणि डॉक्टरांचे गट. त्यांची कागदपत्रं, क्लेम, नोंदी यांचं काम इथून होतं. घ्या म्हणत नाही, त्यांचे भाव काय आहेत ते तुम्ही बघा. पण पैसे देणारा कोण हे तिथे पहिल्या पानावर दिसतं.

माझ्या छोट्या धंद्यातही तेच. धुळे जिल्हा २०१२ मध्ये जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होता (आता महात्मा फुले योजना), त्यामुळे आमच्याकडच्या हॉस्पिटलांना ऑनलाइन प्री-ऑथची (उपचाराआधी योजनेची मंजुरी घेण्याची) सवय मुंबई-पुण्याबाहेरच्या बऱ्याच जणांच्या आधी लागली. डॉक्टर मला सुंदर डॅशबोर्डचे पैसे कधीच देत नाहीत. पण एक्सरेचा फोटो अंधुक म्हणून क्लेमवर क्वेरी लागली आणि बिल तीन महिने अडकलं, की रात्री अकराला फोन येतो. फोटो अपलोड होण्याआधीच अंधुक आहे असं सांगणारं एक छोटं बटन मी केलं, त्याचे पैसे बिनतक्रार मिळतात.

एआयचं विचाराल तर एक्सरेत ते खरंच उपयोगी आहे. छातीच्या एक्सरेवरून टीबी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये, पंधरा वर्षांवरच्यांसाठी, मान्यता देणारी शिफारस केली, आणि मुंबईच्या क्युअर डॉट एआयला त्याच प्रकारच्या कामावर २०२४ मध्ये ६.५ कोटी डॉलर मिळाले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी धरलीय आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्याला तिची गरज मोठी. पण इथे गिऱ्हाईक सरकार. टेंडर, मग पुरवठा, मग बिल, मग मार्चची वाट. ज्या कंपनीच्या गल्ल्यात दीड-दोन वर्षांचे पगार नाहीत तिने त्या दारात जाऊ नये, आणि दहा-बारा लाख घेऊन तुम्ही त्या दोन वर्षांत कुठेच पुरत नाही.

आभा नंबरचंही (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) ते तुम्हाला सांगतील, "आम्ही आभाला जोडलेले आहोत." पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा कॅमेरे किती होते ते आठवा. आधारला जोडलेलं असणं हा जसा कोणाचा धंदा नाही, तसंच आभाचं. तो रस्ता आहे, सगळ्यांना सारखाच.

पुतण्याच्या मित्राला तोंडावर नाही म्हणू नका, पोरगं मेहनती असू शकतं. त्याच्याकडून मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा आणि एका पिवळ्या पेनाने फक्त त्या रकमा रंगवा, ज्या पेशंटने किंवा हॉस्पिटलने दुसऱ्यांदा दिल्यात. पहिल्यांदा तर आमच्या मशीनलाही पोरांनी पन्नास रुपये दिले होते. पिवळं काही दिसलं तर नावं झाकून मला फोटो पाठवा, एका बाजूला बसून बघू.