‘मायनिंग सरदार’ म्हणजे नेमकं कोण?

वणी तालुक्यातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. आजोबांच्या ट्रंकेत त्यांना 1964 सालचा, राजूर भागातल्या एका कोळसा खाणीचा कागद सापडला. त्यावर हुद्दा लिहिलाय ‘मायनिंग सरदार’. घरात कुणी म्हणतं आजोबा मजुरांचे मुकादम होते, कुणी म्हणतं कंपनीनं दिलेली ती पदवी होती. तुमसरकडचे एक नातेवाईक मँगनीजच्या खाणीत हेच काम करत, पण त्यांना ‘मेट’ म्हणत. मग सरदार आणि मेट यांत फरक काय, आणि घराण्याचा इतिहास लिहिताना मराठीत या हुद्द्याला काय म्हणावं?

ताई, मुकादमही नाही आणि पदवीही नाही. मायनिंग सरदार हे कायद्यानं ठरवलेलं पद आहे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, सर्टिफिकेट मिळवावं लागतं, आणि तुमच्या आजोबांच्या काळी 1957 चे कोळसा खाण नियम त्याला लागू होते. ते नियम 2017 मध्ये बदलले, तरी ‘सरदार’ हे पद नव्या नियमांतही आहे. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, भरतीच्या जाहिरातीत आजही ‘मायनिंग सरदार, टी अँड एस (टेक्निकल अँड सुपरव्हायझरी) ग्रेड सी’ असं छापून येतं, आणि घुग्घुस, माजरी, सास्तीकडची पोरं त्याचा अभ्यास करतात. खाणीतली उतरंड अशी: वर मॅनेजर, मग असिस्टंट मॅनेजर, त्याखाली ओव्हरमन, त्याखाली सरदार. कामगाराला पाळीभर ज्याचं तोंड दिसतं आणि ज्याचा शब्द मानावा लागतो, तो हा सरदार.

घरातल्यांना मुकादम वाटला त्यालाही कारण आहे. शब्द फारसी: सर म्हणजे डोकं, दार म्हणजे बाळगणारा. हवालदार, जमादार, ठेकेदार यांच्याच कुळातला. मराठीत तो शिंदे-होळकरांच्या पातळीवर राहिला, पण इंग्रजांच्या कारभारात खाली उतरला आणि मजुरांच्या टोळीचा म्होरक्या झाला. आसामच्या मळ्यांत टोळी घेऊन जाणारा सरदार, बंगाल-बिहारच्या कोळसा खाणींत टोळी पुरवणारा सरदार. तिकडच्या खाणींत तो गावाकडून माणसं आणे, त्यांना उचल देई, कामावर हजर करी आणि भरलेल्या टबामागे (टब म्हणजे कोळसा वाहायचा छोटा डबा) आपलं कमिशन घेई. मुंबईच्या गिरण्यांत हेच काम जॉबर करी. इंग्रज तो शब्द आपल्या कानानं ‘सिरदार’ असा लिहीत, म्हणून जुन्या कागदांवर देवनागरीतही कधी ‘सिरदार’ दिसतं.

आपल्याकडे कोळशाची खाण वरोऱ्याला 1870 च्या दशकात सरकारनं सुरू केली. ती 1906 साली बंद पडली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. पुढे वर्धा खोऱ्यात खाजगी कंपन्यांच्या खाणी वाढल्या. छत्तीसगडातून, तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून माणसं आली. टोळीत नवराबायको दोघं असत, नवरा कोळसा तोडे, बायको टोपलीनं टबात भरी. बायकांना जमिनीखाली काम करायला 1929 च्या नियमांपासून टप्प्याटप्प्यानं मनाई झाली. युद्धकाळात कोळसा कमी पडू लागला तेव्हा 1943 मध्ये ती मनाई उठवली आणि 1946 मध्ये परत लावली. घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी ‘सरदार’ आला तर तो या टोळीचा असू शकतो. तुमच्या कागदावरचा सरदार मात्र वेगळा.

सुरक्षेच्या नियमांनी नाव जुनंच ठेवलं, काम मात्र पार बदललं. टोळीच्या सरदाराची कमाई निघालेल्या कोळशावर होती. नियमातल्या सरदाराचं पहिलं काम म्हणजे गरज पडली तर कोळसा काढणं थांबवणं. हा बदल किती जाणूनबुजून केला होता ते बारूद उडवणाऱ्याच्या नियमात स्वच्छ दिसतं: ज्याची मजुरी निघालेल्या मालावर ठरते, त्याला शॉटफायरर नेमता येत नाही. सरदाराचं सर्टिफिकेट असलेला माणूस शॉटफायररचं काम करू शकतो, म्हणून लहान खाणीत दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडत.

आता त्याची पाळी पाहू, म्हणजे शब्दाचं वजन कळेल. सरदाराला खाणीचा ठरावीक भाग नेमून दिलेला असतो, त्याला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. तो भाग एवढाच असावा लागतो की त्याला तो नीट पाहता येईल. पाळी सुरू होण्याआधीच्या दोन तासांत त्यानं प्रत्येक कामाची जागा आणि तिथं जायची वाट तपासायची. माणसं खाली उतरतात ती त्यानंतर. हातात सेफ्टी लॅम्प आणि काठी.

हा लॅम्प उजेडासाठी नसतो, उजेडाला टोपीवर बॅटरीचा दिवा असतो. लॅम्प वायू ओळखण्यासाठी. ज्योतीभोवती काच, वर तारेच्या बारीक जाळीचे दोन टोप, त्या जाळीला दर चौरस इंचात 784 छिद्रं. आतला जाळ जाळीपर्यंत येतो, पण तार त्याची उष्णता शोषून घेते आणि बाहेरचा वायू पेटत नाही. मिथेन हवेहून हलका, म्हणून तो छताशी आणि चढाकडच्या टोकाला साठतो. सरदार आधी नेहमीच्या ज्योतीनं लॅम्प हळूहळू छताकडे नेतो. ज्योत लांबली, उसळली, तर तिथं वायू साचलाय. तसं काही दिसलं नाही की वात बारीक करतो, पिवळा भाग जवळजवळ नाहीसा होईपर्यंत, आणि परत वर नेतो. ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसली की मिथेन आहे. टोपी जेवढी उंच तेवढं प्रमाण जास्त. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असला तर स्फोट होतो, पण एवढ्यापर्यंत वाट पाहायची नसते: सव्वा टक्क्यालाच वीज बंद आणि माणसं बाहेर. सव्वा टक्क्याची टोपी डोळ्याला जेमतेम दिसते, म्हणून परीक्षेला नजर तपासतात आणि गॅस टेस्टिंगचं वेगळं सर्टिफिकेट लागतं. लॅम्पमध्ये वायू पेटला तर घाबरून हिसका द्यायचा नाही. हिसक्यानं जाळ जाळीबाहेर पडू शकतो. लॅम्प सावकाश खाली आणायचा.

उताराकडच्या जुन्या, हवा न खेळणाऱ्या जागी उलट तपासणी. तिथं ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली जड हवा तळाशी बसते. लॅम्प खाली नेला की ज्योत मंदावते, विझते. ज्योत विझली की पुढचं पाऊल टाकायचं नाही. नियमाप्रमाणे कामाच्या जागी ऑक्सिजन 19 टक्क्यांहून कमी नसावा.

मग छत. वर्धा खोऱ्यातल्या खाणींत वायूपेक्षा छताचाच धाक मोठा. सरदार टेकू दिलेल्या छताखाली उभा राहतो, काठीच्या लोखंडी टोकानं पुढचं छत ठोकतो आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून थरथर पाहतो. बाजारात माठ वाजवून घेतात तसंच हे: खणखणीत वाजलं तर छत धरून आहे, बद्द वाजलं तर थर सुटलाय. पण या परीक्षेचा धोका असा की सुटलेला थर फार जाड असेल तर तोही खणखणीत वाजतो. म्हणून नुसत्या कानावर भागत नाही. भेगा, गुळगुळीत चकाकणाऱ्या फटी, अचानक टिपकू लागलेलं पाणी, वाकलेला टेकू, पिलरच्या (छत पेलायला सोडलेल्या कोळशाच्या खांबाच्या) कडेनं झडणारा कोळसा, हे सगळं नजरेनं धरावं लागतं. ‘छत बोलून राहिलं’ असं खाणीतले लोक म्हणतात, तेव्हा वरून बारीक करकर ऐकू येत असते. त्यावेळी टेकू लावत बसायचं नाही, सरळ मागं यायचं.

सुटलेलं छत पाडायचं काम ड्रेसरचं, लांब सब्बलीनं. सरदारानं पाहायचं ते असं: ड्रेसर पक्क्या छताखाली उभा आहे ना, सब्बल अंगासमोर न धरता बाजूला धरलीय ना, आणि मागची वाट मोकळी आहे ना. बहुतेक अपघात या तीनपैकी एक गोष्ट चुकल्यानं होतात. बारूद उडवल्यावर धूर निवळला, छत झाडलं, तात्पुरता टेकू लागला, मगच भरणाऱ्यांना आत सोडायचं. टबाची घाई असते तेव्हा हाच क्रम मोडतो. उडालं नाही असं एखादं छिद्र राहिलं तर ते उकरायचं नाही: निदान 30 सेंटिमीटर अंतरावर समांतर दुसरं छिद्र मारून ते उडवायचं.

वर्धा खोऱ्यातला कोळशाचा थर जाड आहे, कित्येक ठिकाणी 15 मीटरहून अधिक. पूर्ण थर निघत नाही, मागं कोळसा राहतो आणि हवेशी लागून आपोआप तापतो. छताला, भिंतींना घाम सुटणं, हवेत धुकट थर येणं, रॉकेलसारखा वास, ही तापल्याची चिन्हं. ती सरदाराच्या नाकाडोळ्यांना सगळ्यांत आधी कळायला हवीत, कारण रोज त्याच वाटेनं दुसरा कुणी फिरत नाही.

जागा धोक्याची वाटली तर तो गॅलरीच्या (खाणीतल्या बोगद्याच्या) पूर्ण रुंदीला आडवं कुंपण घालतो. पाळी संपल्यावर पानांना नंबर घातलेल्या बांधीव वहीत अहवाल लिहून सही करतो. पुढचा सरदार तो अहवाल वाचूनच आत जातो. एखादा माणूस गेला की चौकशीत पहिली ही वही उघडते. तुमच्या आजोबांची सही अशा शेकडो पानांवर असणार, आणि ती प्रत्येक सही म्हणजे ‘इथं माणसं नेली तरी चालेल’ असं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलेलं आहे. घरात मुकादम म्हणून त्यांची आठवण राहिली असेल तर ती दुरुस्त करायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

कागदावरून पक्कं कसं करायचं ते सांगतो. आणखी कागद असतील तर त्यांवरही हुद्द्याआधी ‘मायनिंग’ आहे का पाहा. नुसतं ‘सरदार’, ‘गँग सरदार’ किंवा ‘लोडिंग सरदार’ असेल तर तो टोळीचा म्होरक्या असण्याचा संभव जास्त. सर्टिफिकेटचा नंबर, बोर्ड ऑफ मायनिंग एक्झामिनेशन्सचं नाव किंवा धनबादचा उल्लेख असेल तर शंका उरत नाही, खाण सुरक्षेचं मुख्य कार्यालय तिथंच आहे. सोबत गॅस टेस्टिंगचा किंवा प्रथमोपचाराचा दाखला सापडला तर तो जपून ठेवा, सरदाराला दोन्ही लागत. ‘बी फॉर्म’ असं लिहिलेला नंबर असेल तर तो खाणीतल्या कामगारांच्या नोंदवहीतला आहे. त्या वहीत नाव, वडिलांचं नाव, हुद्दा आणि कामावर लागल्याची तारीख असते. 1973 मध्ये बिगर-कोकिंग (पोलादाच्या भट्टीसाठी कोक न होणाऱ्या) कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 1975 मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी झाली. जुन्या खाणीची पुढे काय व्यवस्था लागली हे शोधताना या दोन सालांनी मदत होईल.

आता मेट. कोळशाच्या खाणींना एक नियमावली, धातूंच्या खाणींना दुसरी. मँगनीज धातूंत मोडतो, त्याला 1961 ची नियमावली लागू आहे आणि तिच्यात सरदार हा शब्दच नाही. तिथं वर फोरमन, त्याखाली मेट, आणि बारूद उडवणारा तो ब्लास्टर. म्हणून चिखला, डोंगरी बुजुर्ग, कांद्री, मनसर या पट्ट्यात कुणाच्या आजोबांच्या कागदावर ‘मायनिंग सरदार’ सहसा सापडायचा नाही, आणि वणी-चंद्रपूरकडे कोळसा खाणीतला ‘मायनिंग मेट’ सापडायचा नाही. काम मात्र सख्ख्या भावांचं. उघड्या खाणीत मेट काय पाहतो तर मुरूम-मातीच्या पायऱ्या दीड मीटरहून उंच नाहीत ना, रुंदी उंचीपेक्षा कमी नाही ना, आणि कुणी खालून कोरून वर लोंबता कडा ठेवला नाही ना. पावसाळ्यात अशा कड्याखाली माणूस दबतो. कोळशाच्या खुल्या खाणीतही सरदार हेच पाहतो.

गोंधळ होतो तो असा की मेट हा शब्द विदर्भात रोजगार हमीवर, रस्त्याच्या कामावर, जंगलातही चालतो. तिथला मेट हजेरी लावतो, काम मोजतो, त्याला सर्टिफिकेट लागत नाही. तुमच्या नातेवाइकांबद्दल लिहाल तर ‘मायनिंग मेट’ असंच लिहा, नुसतं ‘मेट’ लिहू नका.

राहिला मराठी प्रतिशब्द. ‘खाणनायक’, ‘खाणप्रमुख’ असे शब्द सुचतील, पण ते वापरू नयेत. खाणप्रमुख म्हणजे मॅनेजर वाटतो, आणि खाणनायक हा शब्द वणीत, राजुरात कुणीच बोलत नाही. ‘आज कोनता सरदार हाये पाळीवर?’ असंच तिथं विचारलं जातं, परीक्षेला ‘सरदारशिप’ म्हणतात. ‘मायनिंग सरदार’ हाच आता आपला शब्द आहे. कागदावर जसा असेल तसा तो लिहा, ‘सिरदार’ असेल तर तेही तसंच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथं कंसात लिहा: ‘नेमून दिलेल्या भागातलं छत, हवा आणि टेकू तपासून माणसांना आत सोडणारा, परीक्षा पास झालेला खाण-अधिकारी’.