परवाना मिळाला, आता सराव कशाचा?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनजवळ केटी येथे राहतो आणि आम्हा दोघांकडेही ग्रीन कार्ड आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या वसाहतीतील एका भारतीय कुटुंबाचे घर फोडून चोरांनी सगळे दागिने नेले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. मी ९ मिमीचे पिस्तूल घेतले, ते जवळ बाळगण्याच्या परवान्याचा वर्ग केला आणि परीक्षेत २५०पैकी २३८ गुण मिळवले. आता आणखी वर्गांवर पैसे घालवण्याची गरज नाही, महिन्यातून एकदा रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) जाऊन गोळ्या झाडल्या की पुरे, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मला मात्र अजून धीर वाटत नाही. पुढे काय शिकावे? (एक वाचक, केटी, टेक्सास)

उत्तर : गुण उत्तमच आहेत, परंतु त्या परीक्षेत नेमके काय तपासले जाते, हे आधी पाहू. टेक्सासच्या परवान्यासाठी ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १० अशा एकूण ५० गोळ्या झाडायच्या असतात आणि २५०पैकी १७५ गुण मिळाले, की उमेदवार उत्तीर्ण होतो. समोरचा कागद हलत नाही, दिवे लख्ख असतात, पिस्तूल होल्स्टरमधून (कमरेला अडकवायच्या म्यानातून) काढावे लागत नाही आणि गोळी केव्हा झाडायची हेही शिक्षकच सांगतो. रात्री घरात काही खुट्ट झाले, तर यातली एकही सोय नसते.

तरीही परवाना घेतलात हे योग्यच केलेत. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील बहुतेकांना परवान्याशिवायही हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) जवळ बाळगता येते, त्यामुळे आता रेंजवर येणाऱ्या पुष्कळांनी ही साधी परीक्षासुद्धा दिलेली नसते. शिवाय शाळेपासून १,००० फुटांच्या आत भरलेले पिस्तूल नेण्यावर जी संघीय बंदी आहे, तिच्यातून राज्याचा परवाना असणाऱ्याला सूट मिळते. तुमच्यासारख्या वसाहतीत शाळा टाळून जाणारा रस्ता सापडणे कठीणच. मात्र ही सूट शाळेच्या इमारतीत शिरण्याची नव्हे. मंडळाचा गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात भरला असेल, तर परवाना असूनही पिस्तूल आत नेता येत नाही.

मी गेली काही वर्षे रविवारी नवशिक्यांना हँडगन शिकवतो आणि माझ्या वर्गाचा पहिला तास घराच्या नकाशावर जातो. प्रत्येकाने आपल्या घराचा कच्चा नकाशा काढायचा आणि रात्री कोण कुठे झोपते, ते त्यावर लिहायचे. मागे एका गृहस्थांनी काढलेल्या नकाशात पाहुण्यांची खोली स्वयंपाकघराला लागून होती. तिथे कोण झोपते असे विचारल्यावर ते म्हणाले, “सध्या कोणी नाही, पुढच्या आठवड्यात सासू-सासरे येतायत.” भारतातून आलेले सासरे पहिले आठ दिवस रात्री तीनला उठतात आणि कोणाची झोपमोड नको म्हणून दिवा न लावताच चहाचे आधण ठेवतात, हे तुम्हाआम्हाला वेगळे सांगायला नको. अंधारात वाजलेले ते भांडे ऐकून जावयाने पिस्तूल घेऊन जिन्यावर यावे, या कल्पनेनेच वर्ग गप्प झाला.

म्हणून आधी हातातली विजेरी, आवाज आणि दाराची कडी यांचा सराव करा. विजेरी पिस्तुलापासून वेगळी असावी. ती पिस्तुलाच्या नळीखालीच बसवलेली असेल, तर कोण आहे हे पाहण्यासाठी त्या माणसावर पिस्तूलच रोखावे लागते. हाक मराठीतच मारा. “कोण आहे?” याला “अगं, मीच!” असे उत्तर आले, की प्रश्न मिटला. मुले आणि वडीलधारी कोणत्या खोलीत जमणार, दार कोण लावणार, ९११ला (तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला) फोन कोण करणार आणि पत्ता कोण सांगणार, हे दिवसाउजेडी दोन-तीनदा प्रत्यक्ष करून पाहावे. एकदा सगळे त्या खोलीत आले, की दाराकडे तोंड करून, पलंगाच्या आडोशाने तिथेच थांबायचे असते. घरभर चोर शोधत हिंडणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही.

जेफ कूपर यांनी १९७६मध्ये ॲरिझोनातील पॉल्डन येथे सर्वसामान्य नागरिकांनाही पिस्तूल शिकवणारी शाळा काढली. त्यांनी मांडलेले चार नियम आज बहुतेक वर्गांत पाठ करून घेतले जातात : प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी कधीही जाऊ देऊ नये, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे, आणि समोर काय आहे, त्याच्यामागे काय आहे, याची खात्री करून घ्यावी. रेंजवर मागे मातीचा बांध असतो, त्यामुळे हा चौथा नियम तोंडपाठ असूनही अंगवळणी पडत नाही. घरात मागे असते ती लाकडी चौकटीवर ठोकलेली जिप्समची पातळ भिंत, आणि ९ मिमीची गोळी अशा एकामागून एक भिंती सहज पार करते. नकाशावर मुलांच्या खोलीकडे जाणारी प्रत्येक रेघ लाल पेन्सिलने काढायला मी सांगतो, ती यासाठीच.

दागिन्यांविषयीही स्पष्ट लिहितो. रात्रीची चोरी थांबवण्यासाठी काही अटींवर प्राणघातक बळ वापरण्याची मुभा टेक्सासच्या कायद्यात आहे आणि ती ऐकून अनेकांना स्फुरण चढते. त्या अटी पाळल्या होत्या की नाही, हे पुढे पोलीस, सरकारी वकील आणि ज्युरी ठरवतात, तोवर वकिलाच्या फीमध्ये त्याहून अधिक सोने गेलेले असते. दागिन्यांचा वेगळा विमा उतरवा आणि निम्मे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पिस्तूल बाहेर काढायचे ते माणसांच्या जिवासाठी.

आता हाताचे कौशल्य. तुमचे १२ गुण कागदावर कुठे गेले, ते पाहा. तुम्ही उजव्या हाताने झाडत असाल आणि छिद्रे डावीकडे खाली सरकलेली असतील, तर बहुधा स्फोटाच्या धसक्याने तुमचा हात आधीच खाली दबतो आहे. याची खात्री करण्याची युक्ती जुनीच आहे. शिक्षक तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये (पिस्तुलाच्या गोळ्यांच्या कप्प्यात) मधूनच एखादी डमी, म्हणजे न उडणारी, गोळी भरतो. तुम्ही चाप ओढता, नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि नळी बोटभर खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. माझ्या वर्गात हे पाहून लोक आधी हसतात आणि आपली पाळी आली की गंभीर होतात. यावर उपाय म्हणजे घरी रोज दहा मिनिटे रिकाम्या पिस्तुलाचा सराव. सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर (नळीमागची गोळी बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, नळी विटांच्या बाहेरच्या भिंतीकडे ठेवा, पुढच्या साइटमागे (नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या उंचवट्यामागे) रुपयाचे नाणे ठेवा आणि ते न पडता चाप ओढा. सराव संपला, की “संपला” असे मोठ्याने म्हणून पिस्तूल तिजोरीत ठेवा. ‘आता शेवटचे एकदा’ म्हणून पुन्हा हातात घेतलेल्या पिस्तुलानेच भिंतींना भोके पडतात.

होल्स्टरचा सराव रोजच्या कपड्यांतच करावा. तुम्ही कुर्ता घालत असाल, तर त्याची लांब कड डाव्या मुठीत गोळा करून थेट छातीपर्यंत वर ओढावी लागते, आणि ओढणी असेल तर ती आधी मागे टाकावी लागते. त्याहून नाजूक काम पिस्तूल परत ठेवण्याचे. कुर्त्याची चुणी होल्स्टरमध्ये शिरून चापात अडकली, तर पिस्तूल आत दाबताना गोळी सुटून मांडीत जाते. परत ठेवण्याची घाई कोणालाच नसते, म्हणून थांबावे, खाली पाहावे आणि मगच ठेवावे. पर्समध्ये पिस्तूल ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे; आईच्या पर्समध्ये चॉकलेट असते, हे मुलांना पक्के ठाऊक असते.

सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्युलर यांनी १९८३मध्ये मांडलेला २१ फुटांचा दाखला तुम्हाला वर्गात हमखास ऐकवला जाईल. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि पिस्तूल काढून झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, एवढेच त्यांनी दाखवले होते. त्यावरून ‘२१ फुटांच्या आत आला की झाडा’ असे शिकवणारा शिक्षक भेटला, तर दुसरा शोधा. पुढचा वर्ग निवडताना एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, गोळी न झाडता सुटण्याचे प्रसंग प्लॅस्टिकच्या पिस्तुलांनी करून घेतात का आणि रक्तस्राव थांबवायला शिकवतात का, एवढे विचारा. यजमानांनाही बरोबर न्या. घरातले पिस्तूल दोघांचे असते.

प्रश्न : मी कोल्हापुरात मुलांना पिस्तूल नेमबाजी शिकवतो. मुलीकडे सहा महिन्यांसाठी डॅलसला येत आहे. तिथल्या मंडळातील काही जण स्वसंरक्षणासाठी शिकवा म्हणून मागे लागले आहेत. शिकवू का? (एक प्रशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : पिस्तूल नेमबाज राही सरनोबतांच्या गावचा प्रशिक्षक म्हटल्यावर लोक मागे लागणारच. पण पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. क्रीडास्पर्धेसाठी आलेल्यांना किंवा वैध शिकार-परवाना असणाऱ्यांना सूट असली, तरी मुलीकडे राहायला येणे त्या अपवादांत बसत नाही. त्या व्हिसावर शिकवण्याचे पैसेही घेता येत नाहीत.

कायदा बाजूला ठेवला, तरी विद्या वेगळी आहे. २५ मीटरच्या प्रकारात तुमची मुले .२२चे पिस्तूल एका हाताने धरतात, पहिल्या टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात आणि १ किलो वजनाला चाप सुटला तरी चालतो. इथले स्वसंरक्षणाचे पिस्तूल दोन्ही हातांनी धरतात आणि त्याच्या चापाला बरेचदा अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. खेळाडूला केव्हा झाडायचे याचा निर्णय करावा लागत नाही, आणि इथला निम्मा अभ्यासक्रम त्या निर्णयाचाच असतो. तरीही चाप ओढणारे बोट वाचायला तुमच्यासारखी नजर इथल्या अनेक शिक्षकांकडे नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. संघीय कायद्याच्या व्याख्येत हवेची पिस्तुले बंदुकांमध्ये मोडत नाहीत. तेव्हा १० मीटरचे एअर पिस्तूल मंडळींच्या हाती द्या आणि महिनाभर फक्त चाप शिकवा. पुढचे त्यांनी इथल्या परवानाधारक शिक्षकाकडे शिकावे.

प्रश्न : माझा भाचा ऑस्टिनमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मित्र त्याला शनिवारी रेंजवर भाड्याचे पिस्तूल चालवायला बोलावत आहेत. एकदा गेल्याने काय बिघडते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बिघडते. वर सांगितलेली बंदी एच-१बीलाही लागू आहे आणि रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल हाती धरणे हेही बाळगणेच ठरते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आणि विद्यापीठाने काढून टाकल्यावरही देशात राहिलेल्या एका तरुणाने फ्लोरिडातील रेंजवर असाच सराव केला. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९मध्ये न्यायालयाने असे ठरवले, की आपण बंदूक बाळगण्यास अपात्र असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला ठाऊक होते, हेही सरकारने सिद्ध करायला हवे. तुमच्या भाच्याने हे उत्तर वाचले, तर त्याला तीही पळवाट उरणार नाही. शनिवारी त्याने मित्रांना बोलिंगला न्यावे.