पर्यावरण नियमांमुळे रेल्वे कंपनीचा खर्च नेमका किती टक्के वाढतो?

एकच टक्केवारी मागताय, ती मिळणार नाही. छातीठोकपणे कुणी सांगितलीच तर त्याला विचारा, "कशाच्या तुलनेत?" यावरूनच हिशेब खात्यातल्या एका सहकाऱ्याशी माझं वर्षानुवर्षं वाजलंय. तो नव्या इंजिनाची अख्खी किंमत 'पर्यावरण' या रकान्यात टाकायचा. अहो, जुनं इंजिन तसंही बाद होणारच होतं! नियम नसता तर जे इंजिन घेतलं असतं आणि प्रत्यक्षात जे घेतलं, त्यांच्यातला फरक तेवढा नियमाचा.

अमेरिकेचं घ्या. २०१५ पासून तिथे नव्या इंजिनांना टियर ४ हे धुरातल्या प्रदूषणाचं मानक लागू झालं. मालगाड्या ओढणाऱ्या इंजिनांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति अश्वशक्ती-तास ५.५ ग्रॅमवरून १.३ वर आली. त्यासाठी थोडा धूर थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडतात. ज्वलनाचं तापमान उतरतं, पण ती उष्णता रेडिएटरच्या गळ्यात पडते आणि कूलरमध्ये काजळी धरते. म्हणून फरकात जादा किंमत, जादा डिझेल, जादा देखभाल आणि इंजिन शेडमध्ये अडकल्याचे दिवस, सगळं धरा. ते दिवस हमखास सुटतात, कारण त्यांचं बिल कुणी पाठवत नाही. डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर (दहा लाख भागांत १५ भाग) आणण्याचा रिफायनरीचा खर्चही डिझेलच्या दरातच मिसळून येतो.

जादा किंमत एकाच वर्षावर टाकू नका. ७ टक्के व्याज आणि २० वर्षं आयुष्य धरलं तर दर १०० मागे वर्षाला ९.४४ येतात, १० वर्षं धरली तर १४.२४. नुसतं आयुष्य बदललं की आकडा दीडपट! अहवालात ही गृहीतकं आधी शोधा.

खरी मेख पुढे आहे. नव्यावर नियम कडक झाला की कंपन्या जुनीच इंजिनं ओव्हरहॉल करून चालवतात. अमेरिकेत हेच झालं. ओव्हरहॉल केलेल्या इंजिनालाही मर्यादा आहेत, पण टियर ४ पेक्षा बऱ्याच सैल. नियमाचा खर्च मग कागदावर कमी दिसतो आणि जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीत मुरतो.

यार्डातली डिझेल मुरलेली माती साफ करायची तरतूद वेगळी ठेवा. गळती कित्येक वर्षांची असते, रक्कम मात्र एकाच वर्षाच्या ताळेबंदात पडते.

हे सगळं डिझेलपुरतंच, विजेच्या गाड्यांचा हिशेब निराळा. स्वच्छ हवेचा फायदाही यात धरलेला नाही. सहकाऱ्याला यातलं काही पटलं नाही. बिल आलं तोच खर्च, असं तो आजही म्हणतो.