बँड एका पावलावर

बेळगाव

अनेक आशीर्वाद.

खेळण्यातल्या छोट्या सैनिकांच्या फिगर घेऊन तू जो लष्करी बँड करतोयस, त्याचा तू पाठवलेला फोटो मोठा करून नीट पाहिला. ड्रमच्या दोऱ्या सरळ आल्यात, पितळेचा रंगही छान बसलाय. तरी 'बँड चालतोय असं वाटत नाही' असं तू लिहिलंस, आणि तुझी नजर बरोबर आहे. दोष रंगात नाही, पायांत आहे. चौघांचा डावा पाय पुढे आहे, तिघांचा उजवा. एकटा सैनिक कसाही उभा असला तरी खपतं, बँड मात्र एका पावलावर पडला नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आधी फिगर निवडण्याबद्दल लिहितो.

शिपायाचे हात बदलून त्याचा वाद्य वाजवणारा करायचा, या रूपांतराला बंदूक खांद्यावर घेऊन चालणारा शिपाई सगळ्यांत सोयीचा. तेरा जणांच्या बँडला एकाच साच्यातले तेरा घे, म्हणजे पाय, उंची आणि कमरेचा पट्टा आपोआप जुळतात. वेगळेपणा हातांतून आणि मानेच्या किंचित वळणातून आणायचा. ५४ मिलिमीटरची फिगर म्हणजे साधारण १/३२ माप, पाच फूट आठ इंची माणूस. या मापात ३० इंचांचं पाऊल टाच ते टाच २४ मिलिमीटर भरतं. विकत घेण्यापूर्वी पट्टी लावून बघ. तीस भरलं तर तो चालणारा शिपाई नसून हल्ल्याला धावणारा आहे. तुला मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड करायचाय, तिथे तर हे फारच जपायला हवं. लाइट इन्फंट्रीची चाल पूर्वापार जलद, ब्रिटिश पद्धतीत मिनिटाला १४० पावलांची, जिथे साध्या पायदळाची १२० असते. इतक्या जलद चालीत ढांगा पडत नाहीत.

जुने शिशाचे पोकळ सैनिक कुणाच्या माळ्यावर सापडले तर त्यांना करवत लावू नकोस. ब्रिटन कंपनीने पोकळ ओतकाम १८९३ मध्ये सुरू केलं आणि शिशाचे सैनिक १९६६ पर्यंत निघत होते. मूळ रंग शाबूत असलेला असा सैनिक तसाच ठेवायचा, त्याच्यावर नवा रंग चढवणं म्हणजे त्याची किंमत घालवणं. डोकं तुटलेला, हात गेलेला असेल तर मात्र तो तुझा. पोकळ मानेत आगकाडीचा तुकडा अरल्डाइट लावून बसवायचा आणि त्यावर डोकं टेकवायचं. ही दुरुस्ती जगभर अशीच करतात, कारण पोकळ धातूत ड्रिल केलं तर कडा फाटतात.

शिसं हाताळताना एक शिस्त कायमची लावून घे. कोरडं घासायचं नाही. पॉलिश पेपर पाण्यात बुडवूनच वापरायचा, खाली ओलं वर्तमानपत्र, आणि काम संपलं की साबणाने हात धुवायचे. स्वयंपाकघरातलं टेबल नको, घरात लहान मूल रांगत असेल तर ती खोलीही नको. शिशाची पूड पोटात जाणं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं, यात तडजोड करू नकोस.

नरम प्लास्टिकचे स्वस्त सैनिक घेणार असशील तर त्यांची अडचण वेगळी. ते पॉलिथिनचे असतात, रंग धरत नाहीत, बंदूक जरा वाकली की पापुद्रा सुटतो. भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुऊन साच्याचं तेल काढ, एक दिवस वाळव, मग गाड्यांच्या बंपरला मारतात तो प्लास्टिक प्रायमर पातळ मार. गाड्यांचे रंग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात तो मिळतो. वाकणाऱ्या जागी जाड थर नको.

आता हात. बँडच्या रूपांतरात नव्वद टक्के काम हातांचं आहे, आणि बहुतेक फिगर तिथेच बिघडतात. खांद्यापासून कोपर ११ मिलिमीटर, कोपरापासून मनगट ८, पंजा उघडा असेल तर ६. ही मापं एका कार्डावर लिहून समोर टाचून ठेव. मळून लावायची पुट्टी हातात आली की फिगरचा हात लांबवण्याचा मोह होतोच, आणि मग कोपर कमरेच्या खाली जाऊन बसतं.

जुना हात खांद्याशी सोनाराच्या बारीक करवतीने काप, पातं ३/० किंवा ४/०. खांद्यात ०.८ मिलिमीटरच्या पात्याने हातड्रिलने ४ मिलिमीटर खोल भोक पाड. पातं सरळ धर आणि दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून भुगा झटक, नाहीतर शिशात पातं अडकून तुटतं आणि तुटलेला तुकडा निघत नाही. त्यात पितळी तार अरल्डाइटने बसव. नुसतं फेवीक्विक इथे चालत नाही. ते ओढ सहन करतं, आडवा धक्का नाही, आणि हात नेहमी आडव्या धक्क्यानेच तुटतो. सोल्डरचा विचार डोक्यातून काढ. साध्या सोल्डरच्या उष्णतेत फिगरचाच खांदा वितळून खाली येतो.

तार वाकवून वाद्य हातात धरून बघायचं, आणि हे पुट्टी लावण्याआधी. वाद्य आधी, हात नंतर. हात पूर्ण करून मग त्यात वाद्य बसवायला गेलास की ते कधीच बसत नाही. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य) ओठाला लागला तर बोटं झडपांपर्यंत पोचत नाहीत, बोटं पोचली तर ओठ सुटतो. म्हणून वाद्य एका थेंबाने तात्पुरतं चिकटव, तारेचं टोक त्याच्यापर्यंत ने, आणि मग तारेवर बाही चढव.

बाहीला पुट्टी म्हणून एम-सील पुरतं. दोन्ही कांड्यांचे समान भाग, रंग एकजीव होईपर्यंत मळायचे. रेघा राहिल्या तर तेवढी जागा कायम मऊ राहते. बोट आणि ब्लेड सतत ओलं ठेव. एम-सीलचा कण जाडसर असतो, म्हणून बाही, ड्रम, बॅगपाइपची पिशवी याला ते उत्तम, पण बोटं आणि चेहरा त्यात निघत नाहीत. तेवढ्यासाठी बारीक कणांची इपॉक्सी पुट्टी मागव, एक पाकीट अख्ख्या बँडला पुरून उरेल. कोपराच्या आतल्या बाजूला दोन सुरकुत्या ओल्या असतानाच दाब. सरळ नळीसारखी बाही लांबूनही ओळखू येते.

कोणता हात कुठे, हे चुकलं तर वाजवणारा माणूस एका नजरेत ओळखतो. ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं लांब पितळी वाद्य) डाव्या खांद्यावर, डाव्या हाताने धरलेला, उजव्या हाताने सरकवलेला. कॉर्नेटच्या झडपांवर उजवा हात. क्लॅरिनेटवर डावा हात वर, उजवा खाली. बासरी वाजवणाऱ्याच्या उजवीकडे जाते. बॅगपाइपची पिशवी डाव्या काखेत आणि त्याच्या उंच नळ्या डाव्या खांद्यावर. साइड ड्रमचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, ड्रम डाव्या मांडीशी तिरका लटकतो, आणि डाव्या हाताची काठी तळवा वर करून धरलेली असते. आरशातला फोटो पाहून केलेले कितीतरी बँड यातच फसतात. २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटचं प्रक्षेपण थांबवून थांबवून बघ, एका संध्याकाळी सगळे हात कळतील. कॅम्पात मात्र लष्करी हद्दीत परवानगीशिवाय फोटो काढू नकोस.

वाद्यांसाठी बाहेरून सामान मागवायची गरज नाही. बास ड्रमला वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घे, १/३२ मापात तो २५ इंची ड्रम होतो, अगदी योग्य. लांबी १० ते ११ मिलिमीटर. साइड ड्रमला ११ मिलिमीटर जाडीच्या मार्कर पेनची नळी, लांबी साडेनऊ. कातड्यासाठी व्हिजिटिंग कार्डाची चकती, कडेच्या रिंगणासाठी दीड मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची पट्टी. ट्रॉम्बोनची नळी अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार, अडीच मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर वळवलेली. मिटलेल्या ट्रॉम्बोनची एकूण लांबी ३६ मिलिमीटर. त्याच्या कर्ण्याला बुटाच्या नाडीचं छोटं पितळी आयलेट घे. काठ साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असलेलं निवड आणि मागच्या निमुळत्या भागाला पुट्टी लाव. कॉर्नेटचा कर्णा जेमतेम पावणेचार मिलिमीटर, त्याला संपलेल्या रिफिलचं पितळी टोक उलटं लावलं की आकार जवळजवळ तयारच मिळतो. क्लॅरिनेट २१ मिलिमीटर, टूथपिक घासून. झांज ११ मिलिमीटर, थंड पेयाच्या कॅनच्या पत्र्यातून कापून रबरावर गोल टोकाने दाबलेली. पत्र्याच्या कडा धारदार असतात, कापल्याबरोबर घासून घे.

साइड ड्रमच्या दोऱ्यांवर जरा वेळ काढ, कारण पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. कागदाची पट्टी ड्रमभोवती गुंडाळ, जिथे मिळते तिथे काप. तिची तीनदा घडी घातली की आठ समान भाग पडतात. ती वरच्या रिंगणाला लावून आठ खुणा कर, मग खालच्या रिंगणाला लावताना अर्धा भाग सरकव. पांढरा शिवणदोरा पातळ फेविकॉलमधून ओढून घे म्हणजे तूस बसतो. एका खुणेवर चिकटव आणि पूर्ण वाळू दे, मग वर-खाली वर-खाली नेत प्रत्येक टोकाला सुईने गोंदाचा थेंब लाव. घाईने सलग ओढलास तर आठव्या टोकाशी पोचेपर्यंत पहिलं सुटतं. ड्रमचा रंग आणि चिन्ह मात्र दोरा लावण्याआधी पूर्ण झालेलं हवं.

ट्रॉम्बोनवाले ओळीने एकच सूर वाजवत असतील तर त्यांच्या सरकत्या नळ्याही एकाच लांबीवर हव्यात. तिघांच्या तीन तऱ्हा दिसल्या की पुन्हा तोच तुझ्या पायांचा प्रश्न उभा राहतो.

रंगकामाची वेळ आपल्याकडे पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर बेळगाव, खानापूरच्या हवेत इतका ओलावा असतो की मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला की वर पांढरट धुकं बसतं, आणि ते सहसा निघत नाही. पावसाळ्यात कापणं, ड्रिल, पुट्टी आणि ब्रशचं काम कर. प्रायमर आणि वॉर्निशचे स्प्रे दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेव. चिकोडी-निपाणीकडे हवा जरा कोरडी, तरी भर पावसात तिथेही धीर धर.

सुरुवातीलाच एक ठरव, खेळण्याची चकचकीत पद्धत की मॅट, छायाप्रकाशाची. चकचकीत पद्धतीत सपाट रंग, छाया नाही, शेवटी ग्लॉस. दोन्ही सुंदर आहेत, पण एका बँडमध्ये दोन्ही नकोत. मला विचारशील तर पहिला बँड चकचकीत कर. त्यात एकसारखेपणा साधतो, आणि बँडला तोच शोभतो.

एक फिगर पूर्ण करून दुसरी घेऊ नकोस. सगळ्या तेरा जणांची कातडी, मग सगळ्यांचा कोट, मग पट्टे. नाहीतर तेराव्याचा लाल पहिल्याच्या लालशी जुळत नाही. मिश्रण झाकणाच्या छोट्या डबीत जास्तच करून ठेव.

कातडीला परदेशी 'फ्लेश' रंग वापरू नकोस, आपला जवान त्यात आजारी दिसतो. दोन भाग बर्न्ट सिएना, एक भाग यलो ओकर, नखभर पांढरा. छायेला बर्न्ट अंबर. डोळ्याला नुसती गडद रेघ पुरे, पांढरा ठिपका दिलास की चेहरा दचकल्यासारखा होतो. लाल रंग करड्या प्रायमरवर मळकट पडतो, त्याखाली आधी तपकिरी-गुलाबी हात दे. पट्ट्यांना थेट पांढरा नको, आधी फिका करडा, मग कडा सोडून पांढरा, म्हणजे पट्टा कोटापासून उठून दिसतो. पितळेखाली तपकिरी, पोलादाखाली काळा. धातूच्या रंगाचा ब्रश आणि पाणी वेगळं ठेव, त्यातली चमकी साध्या रंगात गेली की काळ्या बुटांवर चांदणं पडतं. मॅट पद्धत घेतलीस तर वॉर्निशनंतर धातू रंगव, कारण मॅट वॉर्निश पितळेची चमक मारतं. टोपीवरच्या लाल-हिरव्या तुऱ्यातला रंगांचा क्रम, पट्टे आणि बिल्ले स्पष्ट फोटोवरूनच घे, आठवणीवरून कधीच नको. रेजिमेंटचा मान त्या बारकाव्यांत असतो. ब्रश शून्य आणि एक नंबरचे दोन चांगले घे. तीन शून्याच्या ब्रशवर रंग फिगरला टेकेपर्यंत वाळतो.

मांडणीला ५० मिलिमीटरचे चौकोन आख, एका चौकोनात एक जण. सगळ्यांत पुढे ड्रम मेजर, हातातली काठी ४८ मिलिमीटर. पहिल्या ओळीत तीन ट्रॉम्बोन, कारण सरकत्या नळीला समोर जागा लागते. मग तीन कॉर्नेट, मग दोन क्लॅरिनेट आणि एक युफोनियम (मोठं पितळी वाद्य), शेवटी बास ड्रम मध्ये आणि दोन बाजूंना साइड ड्रम. ड्रम मेजर सगळ्यांत शेवटी कर, तोवर हात बसलेला असेल. सुरुवात साइड ड्रमवाल्यांपासून.

तयार बँड प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नकोस. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी चढते, आणि एकदा लागलेली कीड रंगाखालून आत जाते. काच आणि धातूचं कपाट घे, हवा खेळायला फट ठेव, पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाक. काच चिकटवायला आंबट वासाचं सिलिकॉन वापरायचं नाही, त्यातूनही तीच वाफ येते.

हातातल्या सातांपैकी उजवा पाय पुढे असलेले तिघे बाजूला काढ, त्यांचा वेगळा बँड पुढे होईल. उरलेल्या चौघांतून दोन साइड ड्रमवाले निवड, जुने हात कापून तारा बसव आणि पुट्टी लावण्याआधी दोघांचा एका बाजूने, टेबलाच्या पातळीवरून फोटो काढून पाठव. कोपरांची उंची त्यातच कळेल.