मृग निघाला, तरी आकाशात का दिसत नाही?

प्रश्न : पंचांगात 7 किंवा 8 जूनला मृग नक्षत्र लागते. मी हौसेने आकाशनिरीक्षण करते. हिवाळ्यात ठळक दिसणारा मृग जूनमध्ये मात्र रात्रभर शोधूनही सापडत नाही. मग त्या दिवशी नेमके काय घडते?
*– एक वाचक, बारामती*

उत्तर : जूनमध्ये मृग दिसत नाही, कारण त्या दिवसांत सूर्यच त्याच्या दिशेला असतो. पंचांगातील ही नोंद सूर्याच्या स्थानाची आहे. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे 27 समान भाग पाडले की प्रत्येक भाग 13 अंश 20 कलांचा होतो आणि तो ओलांडायला सूर्याला साधारण साडेतेरा दिवस लागतात. 25 मेच्या सुमारास रोहिणी, 7-8 जूनला मृग, 21-22 जूनला आर्द्रा हा क्रम त्यातूनच येतो. ज्या नक्षत्रात सूर्य, ते नक्षत्र त्याच्याबरोबरच उगवते, दिवसभर उजेडात आकाश ओलांडते आणि त्याच्याबरोबरच मावळते. त्यामुळे पावसाळी नक्षत्रे ज्या पंधरवड्यांना आपली नावे देतात, त्या पंधरवड्यांत ती स्वतः कधीच दिसत नाहीत.

हे पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा गच्चीवरून पाहण्यात अधिक गंमत आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास, लवकर उगवतात आणि तितकेच लवकर मावळतात. जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे दक्षिणेकडे, डोक्यापासून फार दूर नसतात. एप्रिलमध्ये अंधार पडेपर्यंत ते पश्चिमेला कलंडलेले दिसतात आणि मेच्या मध्यानंतर संधिप्रकाशात हरवतात. त्याच काळात कृत्तिका, मग रोहिणी आणि शेवटी मृग, असे एकामागून एक बुडत जाताना पाहिले, की सूर्य ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो हे वेगळे सांगावे लागत नाही. जुलैच्या उत्तरार्धात मृग पहाटे पूर्वेला पुन्हा उगवतो, पण आपल्याकडे तेव्हा ढग असतात, आणि ही भेट बहुतेकांची दरवर्षी चुकते. दुर्बीण वापरणार असाल, तर सूर्य पूर्ण मावळल्याची खात्री झाल्याशिवाय ती पश्चिम क्षितिजाकडे वळवू नका.

तारखेबद्दलही थोडे सांगायला हवे. आपले पंचांग ताऱ्यांच्या संदर्भाने वर्ष मोजते, तर इंग्रजी दिनदर्शिका ऋतुचक्राच्या. पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे, ज्याला परांचन म्हणतात, ताऱ्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठे ठरते. ही मिनिटे साचत जाऊन साधारण 72 वर्षांत एक दिवस भरतो आणि मृगाचा प्रवेश तेवढा पुढे सरकतो. ज्ञानेश्वरांच्या काळी तो आजच्या दिनदर्शिकेच्या हिशेबाने मेच्या अखेरीस पडत असे. पाऊस मात्र ऋतूंबरोबर चालतो. हवामान विभागाच्या सध्याच्या वेळापत्रकानुसार मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख केरळात 1 जून आणि मुंबईत 11 जून आहे. मृग आणि पहिला पाऊस आज जवळजवळ येतात, हा आपल्या काळाचा योग आहे. काही हजार वर्षांनी तो राहणार नाही. नक्षत्राच्या वाहनावरून, म्हणजे बेडूक की घोडा यावरून, पावसाचे भाकीत करण्याला तर निरीक्षणाचा कसलाच आधार नाही.

प्रश्न : मृगाचा लाल मखमली किडा मात्र अगदी वेळेवर येतो. त्याला नक्षत्र कसे कळते?
*– एक शिक्षक, यवतमाळ*

उत्तर : त्याला ओल कळते. हा खरे तर कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्यांच्या नात्यातला जीव आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो आणि पहिल्या चांगल्या पावसाने माती भिजली की भक्ष्य शोधायला व प्रजननासाठी थोडे दिवस वर येतो. रोहिणीतच दमदार पाऊस झाला, तर तो रोहिणीतच दिसेल. मृग कोरडा गेला, तर तोही खालीच राहील. त्याची पिल्ले सहा पायांची असून नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगावर जगतात, तर प्रौढ किडे मातीतले बारीक कीटक आणि त्यांची अंडी खातात. शेताला त्यांचा उपद्रव नाही. मुले त्यांना काडेपेटीत भरून घरी आणतात. पाहून झाल्यावर ते ओल्या मातीत परत सोडायला सांगावे. आपल्या शाळेच्या आवारात तो पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि त्याआधीच्या दोन दिवसांचा पाऊस विद्यार्थ्यांनी दरवर्षी लिहून ठेवला, तर काही वर्षांतच उत्तर त्यांच्याच वहीत सापडेल.

प्रश्न : मग मृगावर पेरणी करावी की नाही?
*– एक शेतकरी, परभणी*

उत्तर : तारखेवर करू नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावरच पेरावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात, आणि तो पाऊस मृगात झाला काय किंवा आर्द्रेत झाला काय, बियाण्याला फरक पडत नाही.