सबॅटिकल रजा महाविद्यालयीन शिक्षकांनाही आहे

नमस्कार सर,

आपण गोव्यातील एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवता, सहयोगी प्राध्यापक होऊन आपल्याला आठ वर्षे झाली आहेत, पीएच.डी.साठी घेतलेल्या अभ्यास रजेवरून परतून अकरा वर्षे उलटली आहेत आणि तिसवाडी तालुक्यातील गांवकाऱ्यांच्या, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या पारंपरिक ग्रामसंस्थांच्या, जुन्या दप्तरांवर सलग एक वर्ष बसण्याची आपली इच्छा आहे, असे आपण लिहिले आहे. कार्यालयात विचारले असता "सबॅटिकल फक्त विद्यापीठातल्या प्राध्यापकांना असते, कॉलेजात नसते, फार तर बिनपगारी रजा घ्या" असे उत्तर आपल्याला मिळाले. हे उत्तर चुकीचे आहे. सबॅटिकल म्हणजे अनुभवी शिक्षकाला अध्यापनातून मोकळे होऊन अभ्यास-संशोधन करण्यासाठी मिळणारी पगारी रजा, आणि ती महाविद्यालयातही आहे. मी भूगोल विषयाची निवृत्त सहयोगी प्राध्यापक असून हेच उत्तर मलाही एकदा मिळाले होते आणि त्यावर विश्वास ठेवून मी काही वर्षे गमावली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित केलेल्या विनियमांमध्ये शिक्षकांच्या पात्रतेबरोबर रजेच्या तरतुदीही दिलेल्या आहेत. त्यांत सबॅटिकलसंबंधी "विद्यापीठ आणि महाविद्यालये" यांतील कायम, पूर्णवेळ शिक्षक असा स्पष्ट उल्लेख आहे. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक या पदावर सात वर्षे सेवा झालेली असावी, रजा एका वेळी एक वर्षापेक्षा आणि संपूर्ण सेवाकाळात दोन वर्षांपेक्षा अधिक नसावी, आणि आधी अभ्यास रजा घेतली असल्यास तिच्यावरून परतल्याला पाच वर्षे पूर्ण झालेली असावीत, या मुख्य अटी आहेत. आपण लिहिलेल्या माहितीवरून आपण या तिन्ही अटींत बसता. आयोगाचे विनियम राज्याने आणि विद्यापीठाने स्वीकारल्यावर ते परिनियमांतून व परिपत्रकांतून आपल्यापर्यंत पोहोचतात, हे मात्र विसरू नका. अर्जात केवळ आयोगाचा हवाला न देता गोवा विद्यापीठाच्या परिनियमांतील रजेचे कलम आणि पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाचे लागू असलेले परिपत्रक यांचे क्रमांक आणि तारखा लिहा. कार्यालयातील माणूस नियम अमान्य करतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा त्याने तो नियम कधी वापरलेलाच नसतो, आणि कलमाची प्रत समोर ठेवली की संभाषणाचा सूर बदलतो.

गोंधळाचे मूळ मला वाटते अभ्यास रजेत आहे. आपल्याकडे बहुतेक शिक्षकांना हीच एक रजा ठाऊक असते. ती सेवेच्या सुरुवातीच्या टप्प्यावरील सहायक प्राध्यापकासाठी आहे. तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर ती मिळू शकते, आधी दोन वर्षे आणि मार्गदर्शकाने प्रगती समाधानकारक असल्याचे कळवले तर आणखी एक वर्ष, आणि परत आल्यावर किमान तीन वर्षे सेवा करण्याचा बॉन्ड लिहून द्यावा लागतो. तिचा हेतू शिक्षकाला पदवीपर्यंत पोहोचवण्याचा आहे. सबॅटिकलचा हेतू वेगळा आहे: जो शिक्षक आपल्या विषयात आधीच उभा राहिलेला आहे, त्याने वर्षभर अध्यापनातून मोकळे होऊन अभ्यास, संशोधन किंवा अन्य शैक्षणिक काम करावे आणि परत येऊन संस्थेला व उच्च शिक्षणाला अधिक उपयोगी पडावे. येथे पदवी मिळवायची नसते, त्यामुळे मार्गदर्शकाचे पत्र, नोंदणीचा दाखला असली कागदपत्रे मागणे अप्रस्तुत आहे. माझ्या महाविद्यालयाने मला अभ्यास रजेचाच छापील नमुना भरायला दिला होता आणि त्यातील "मार्गदर्शकाचे नाव" हा रकाना रिकामा राहिल्याने अर्ज अपूर्ण ठरवला होता. आपल्याला तोच नमुना दिला गेला तर तो भरू नका. साध्या कागदावर स्वतंत्र अर्ज करा.

पैशाचा भाग थोडक्यात सांगते. सबॅटिकलच्या काळात रजेवर जाण्यापूर्वीच्या दराने पूर्ण वेतन व भत्ते मिळतात, वेतनवाढ ठरलेल्या तारखेला मिळते आणि रजा संपल्यावर आपण पुन्हा रुजू झालात तर हा काळ निवृत्तिवेतनासाठी सेवा म्हणून धरला जातो. या काळात दुसरीकडे नियमित नोकरी करता येत नाही. शिष्यवृत्ती, फेलोशिप किंवा मानधनावरील तात्पुरते अध्यापन स्वीकारता येते, परंतु तसे केल्यास वेतन कमी करून रजा मंजूर करण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्याकडे राहतो, म्हणून मिळालेली किंवा मिळू शकणारी कोणतीही रक्कम अर्जातच नोंदवावी. बिनपगारी रजेचा सल्ला का स्वीकारू नये, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

आता खऱ्या अडचणीकडे येते. नियमात रजा "देता येईल" असे आहे. ती हक्काने मागता येत नाही. नकार देणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो आणि तो तोंडाने विचारला जात नाही: तुमचे तास कोण घेणार? सहयोगी प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १४ तासांचे धरलेले आहे. दोन किंवा तीन शिक्षकांच्या विभागात हे १४ तास दुसऱ्यांवर वाटून टाकणे म्हणजे त्यांचे वर्ष बुडवणे, आणि असे झाले तर आपल्या रजेबद्दल विभागात कायमची कटुता राहते. पंचवार्षिक योजनांच्या काळात संशोधनासाठी अध्यापक-फेलोशिपवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी नेमलेल्या बदली शिक्षकाचा पगार आयोग देत असे. सबॅटिकलसाठी तसा स्वतंत्र निधी कोणी बाजूला ठेवलेला नसतो. त्यामुळे प्राचार्यांना संचालनालयाकडे लेक्चर-बेसिसवरील, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या, शिक्षकाची मागणी करावी लागते, आणि ती मागणी शैक्षणिक वर्षाच्या आखणीबरोबर गेली नाही तर जूनमध्ये वर्ग रिकामे राहतात.

माझा पहिला अर्ज अर्ध्या पानाचा होता. "संशोधनासाठी एक वर्षाची रजा मिळावी ही विनंती" यापलीकडे त्यात काही नव्हते आणि तो दोन वर्षे फाईलमध्ये पडून राहिला. दुसऱ्या वेळी मी अर्जाच्या आधी विभागातील सहकाऱ्यांबरोबर बसले, कोणता पेपर कोण घेणार आणि कोणता नव्या माणसाला द्यायचा हे ठरवले, ऐच्छिक विषयांपैकी एक त्या वर्षी न देण्याचे सर्वांच्या संमतीने लिहून घेतले आणि मगच प्राचार्यांकडे गेले. त्यांनी अर्ज वाचण्यापूर्वी शेवटचे पान वाचले, जेथे तासांचा तक्ता होता. अर्ज व्यवस्थापनाकडून पुढे गेला आणि मंजूर झाला. आपणही तो तक्ता करा, त्यावर विभागप्रमुखांची सही घ्या आणि रजा शैक्षणिक वर्षाच्या आरंभापासून मागा, मध्येच एखाद्या सेमिस्टरपासून नको.

"तुम्हांला सुट्या आहेतच की" असेही आपल्याला ऐकवले जाईल. याचे उत्तर तयार ठेवा, कारण प्रश्न विचारणारा बहुधा प्रामाणिकपणे विचारत असतो. माझा विषय खाजन जमिनींचा होता. भरतीचे खारे पाणी अडवणारे मातीचे बांध, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची दारे, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन गेल्यावर लावले जाणारे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात, आणि भात निघाल्यावर त्याच शेतात आत घेतलेले खारे पाणी व त्यातली मासळी, हे सारे एका वर्षाचे चक्र आहे. मी कित्येक वर्षे मे महिन्याच्या सुट्टीत खाजनात जात होते आणि दरवर्षी मला तेच कोरडे, भेगाळलेले शेत दिसत होते. बांध जुलै-ऑगस्टमध्ये फुटतात, त्या वेळी मी वर्गात असे. लावणीच्या दिवसांत जी माणसे बांधावर भेटली, पाणी कोणी सोडायचे यावरून जे वाद माझ्यासमोर झाले, ते सुट्टीत जाऊन समजले नसते. माझ्या सबॅटिकलचे सर्वांत मोठे फळ माझ्या लेखांपेक्षा हे होते की त्यानंतर गोव्याच्या भूगोलाचा पेपर मी पाहिलेल्या गोष्टींवरून शिकवू लागले.

आपल्या विषयालाही असाच सलग वेळ का लागतो, हे आराखड्यात दाखवा. गांवकारीच्या रूढी आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, नोंदवल्या गेल्या, एवढे सर्वांना माहीत असते. त्यानंतरच्या शतकांत एखाद्या गावात त्यांचे प्रत्यक्षात काय झाले, हे पाहायचे तर दप्तर पानापानाने वाचावे लागते, मोडी आणि जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरांची सवय करावी लागते आणि सरकारी नोंदी गावातल्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी ज्या पुराभिलेखागारात आयुष्याचा मोठा भाग घालवला ते पणजीत आहे, पर्वरीला झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र आहे, परंतु ही ठिकाणे कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत उघडी असतात, म्हणजे नेमकी आपण वर्गात असता तेव्हा. लिस्बनच्या तोरे दो तोम्बोला, म्हणजे पोर्तुगालच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात, जाण्याचा विचार असेल तर तो वर्षाच्या उत्तरार्धात ठेवा. आधी पणजीत काय आहे ते पुरते पाहिल्याशिवाय तेथे काय शोधायचे हे कळत नाही. आराखडा महिन्यांनुसार लिहा, कारण मंजुरीसाठी अर्जाबरोबर कार्यक्रम सादर करावाच लागतो. "ग्रंथ लिहीन" असे मोघम आश्वासन देण्यापेक्षा अमुक गावांची अमुक दप्तरे वाचून त्यांची सूची तयार करीन, असे मोजता येईल असे काम लिहा.

आपल्या धाग्यावर सरकारी महाविद्यालयातील एका सदस्यानेही विचारणा केली आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. साखळी, खांडोळा, केपे, पेडणे येथील सरकारी महाविद्यालयांतील शिक्षक हे राज्य सरकारचे कर्मचारी असल्याने त्यांच्या रजा सरकारी सेवानियमांनुसार चालतात, आणि त्या नियमांत अभ्यास रजा असली तरी सबॅटिकल या नावाची रजा नाही. त्यामुळे त्यांनी आयोगाच्या विनियमांच्या आधारे सरकारकडे स्वतंत्र मंजुरी मागावी आणि अनुदानित महाविद्यालयापेक्षा अधिक वेळ हाताशी ठेवावा.

एका बाबतीत मात्र माझे नियमाशीच भांडण आहे. १८८० मध्ये हार्वर्डने चार्ल्स लॅनमन या संस्कृत पंडिताला आपल्याकडे आणताना दर सातव्या वर्षी अर्ध्या पगारी रजेचे आश्वासन दिले, आणि सबॅटिकलची आधुनिक प्रथा तेथून सुरू झाली असे मानतात. हेच लॅनमन पुढे १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि सुमारे पाचशे संस्कृत व प्राकृत पुस्तके आणि हस्तलिखिते त्यांनी आपल्या विद्यापीठासाठी नेली. सातवे वर्ष ही कल्पना जुन्या यहुदी परंपरेतली. सहा वर्षे पिकवलेली जमीन सातव्या वर्षी पड ठेवायची. आपल्या विनियमांत मात्र सात वर्षे सेवेच्या आरंभापासून मोजली जात नाहीत, ती सहयोगी प्राध्यापक झाल्यापासून मोजली जातात. पीएच.डी. घेऊनच सेवेत आलेल्या शिक्षकालाही पदोन्नतीचे टप्पे चार, पाच आणि तीन वर्षांचे आहेत, म्हणजे सहयोगी प्राध्यापक होण्यास किमान बारा वर्षे आणि सबॅटिकलला पात्र होण्यास किमान एकोणीस. आपल्याकडे अनेकजण आधी काही वर्षे लेक्चर-बेसिसवर किंवा कंत्राटावर शिकवतात आणि तिशीत कायम होतात; त्यांची पहिली सबॅटिकल पन्नाशीच्या आसपास येते. तोवर घरी वृद्ध आईवडील असतात, मुलांचे शिक्षण महत्त्वाच्या टप्प्यावर असते आणि कित्येक चांगल्या शिक्षकांचा, विशेषतः शिक्षिकांचा, संशोधनाचा हात सुटलेला असतो. प्राध्यापक संघटनांनी वेतनाच्या मागण्यांबरोबर ही अट शिथिल करण्याची मागणी आग्रहाने मांडायला हवी, असे मी सेवेत असतानाही म्हणत आले आणि आजही माझे मत तेच आहे. आपण पात्र झालेले आहात, म्हणून आपला अर्ज केवळ आपल्यापुरता नाही. आपल्या महाविद्यालयात एकदा ही रजा दिली गेली की पुढच्या माणसाला "कॉलेजात नसते" हे उत्तर देता येणार नाही.

अर्ज डिसेंबरपूर्वी द्या, आवक क्रमांक घातलेली प्रत स्वतःजवळ ठेवा आणि नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध कोठेही दाद मागता येत नाही. रजा मंजूर झाली की पहिल्या दिवसापासून कामाची नोंदवही ठेवा, कारण परत आल्यावर केलेल्या कामाचा अहवाल सादर करावा लागतो आणि बारा महिन्यांनंतर आठवणीतून लिहिलेला अहवाल नेहमी प्रत्यक्ष कामापेक्षा तोकडा उतरतो. आपण तयार करणार असलेल्या दप्तरांच्या सूचीची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला आणि एक त्या गांवकाऱ्यांना देण्याचे आराखड्यातच नमूद करा. तासांच्या तक्त्याचा माझा जुना नमुना माझ्याजवळ आहे. आपला विभाग किती शिक्षकांचा आहे ते येथे लिहिलेत तर त्यात आवश्यक ते बदल करून देईन.