काय बाधते, ते कसे ओळखावे?

वाचकांचे आरोग्यविषयक प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ॲलर्जीविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी औसा तालुक्यातील शेतकरी असून माझे वय ४८ आहे. चार वर्षांपासून पावसाळा लागला की पापण्या सुजतात, मान आणि कोपराच्या लवणी खाजून खाजून काळ्या व जाड होतात. सोयाबीनच्या मळणीच्या वेळी मात्र वेगळाच त्रास होतो: यंत्राजवळ उभा राहताच शिंका सुरू होतात आणि छाती आवळते. लोक म्हणतात, रक्त बिघडले आहे. तालुक्याला एका ठिकाणी इंजेक्शन घेतले की दीड-दोन महिने आराम पडतो. हे इंजेक्शन किती दिवस घ्यावे?

उत्तर: आपले रक्त बिघडलेले नाही. आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि आपण त्या इतक्या नेमक्या शब्दांत वेगळ्या करून लिहिल्या आहेत की निदानाचे अर्धे काम आपणच केले आहे.

पहिली तक्रार बहुधा गाजरगवताची आहे. आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणून ओळखले जाणारे हे मूळचे अमेरिका खंडातील तण. पुण्याजवळ १९५५-५६ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि ते आयात गव्हाबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज मराठवाड्यातील एकही बांध, पडीक रान किंवा रस्त्याची कड त्याच्यावाचून राहिलेली नाही. या गवतातील पार्थेनिनसारखी द्रव्ये त्वचेला लागली की शरीरातील काही पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. हे शिकणे काही महिन्यांत होते किंवा वीस वर्षांतही होते, त्यामुळे ‘आजवर हेच गवत हाताने उपटले, तेव्हा काही झाले नाही, मग आताच कसे?’ हा प्रश्न मला प्रत्येक रुग्ण विचारतो आणि त्याचे उत्तर हेच असते. एकदा ओळख पटली की पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी खाज आणि चट्टे उमटतात. गवताला हात लावलाच पाहिजे असेही नाही, कारण वाळलेल्या गवताचा भुगा आणि परागकण वाऱ्याबरोबर येऊन उघड्या अंगावर, विशेषतः घाम साचणाऱ्या जागी, म्हणजे पापण्या, मान व कोपराच्या लवणीत बसतात.

मळणीचा त्रास मात्र मिनिटांत होतो आणि त्याची यंत्रणा वेगळी आहे. त्यात शरीराने आधीच तयार करून ठेवलेले आयजीई नावाचे प्रतिपिंड, म्हणजे परकी वस्तू ओळखणारी रक्तातील प्रथिने, काम करतात. ते नाकातील आणि श्वासनलिकेतील मास्ट पेशींवर बसलेले असतात आणि ओळखीचा कण येताच त्या पेशींमधून हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर पडतात, ज्यामुळे शिंका, पाणी, खाज आणि श्वासनलिकेचे आकुंचन हे सर्व एकदम सुरू होते. सोयाबीनची धूळ या बाबतीत किती घातक ठरू शकते, याचा मोठा धडा स्पेनमधील बार्सिलोना शहराला मिळाला. १९८१ ते १९८७ या काळात तेथे एकाच दिवशी अनेक माणसांना दम्याचा झटका येण्याचे प्रकार वारंवार घडले आणि शोध घेता घेता त्यांचा संबंध बंदरात सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी जुळला. धान्याच्या कोठारावर धूळ अडवणारी गाळणी बसवल्यावर झटक्यांच्या त्या लाटा थांबल्या. दोषी ठरली ती दाण्याच्या टरफलाची धूळ. ज्या लातूर जिल्ह्याचे अर्थकारण सोयाबीनवर उभे आहे, तेथील मळणीवाले, हमाल आणि आडतीवर काम करणारे लोक यांनी हा दाखला विशेष लक्षात ठेवावा असे मला वाटते.

आता इंजेक्शनविषयी. दीड-दोन महिने परिणाम टिकवणारे हे इंजेक्शन बहुधा लांब मुदतीचे स्टिरॉइड असते. त्याने आग विझते, पण पेटवणारी वस्तू तशीच राहते. अशी इंजेक्शने वारंवार घेतली तर रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो आणि शरीराची स्वतःची स्टिरॉइड तयार करण्याची शक्ती मंदावते. आपण ती यापुढे घेऊ नयेत. मात्र ‘मी इतकी इंजेक्शने घेतली आहेत’ हे नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, कारण ते लपवल्यास धोका आहे.

लातूर येथील त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन पॅच चाचणी करून घ्यावी. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या लहान पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्या काढल्यावर व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचेवरील खूण पाहतात. त्या काळात पाठ ओली करू नये, म्हणून ही चाचणी ऐन हंगामात करण्यापेक्षा त्रास शांत असताना करावी. उपचारात ठराविक दिवसांपुरते मलम, खाज कमी करणाऱ्या गोळ्या आणि आजार फारच चिवट असेल तर अझाथायोप्रिनसारखे औषध रक्ततपासणीच्या देखरेखीखाली देतात. मळणीच्या त्रासासाठी श्वासाची तपासणी वेगळी करून घ्यावी लागेल.

औषधाइतकेच महत्त्व शेतातील वागण्याला आहे. गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट काढावे, पण ते आपण नव्हे, ज्याला त्रास नाही त्याने हातमोजे घालून काढावे. अंगभर बाह्यांचा सदरा घालावा, घरी आल्याबरोबर अंघोळ करावी आणि शेतातील कपडे घरात झटकू नयेत. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून मिळतात. ते पावसाळ्याच्या सुरुवातीला सोडावे लागतात. एका शेतकऱ्याने सोडून भागत नाही, शिवाराने मिळून सोडले तर परिणाम दिसतो. मळणीला उपरण्याऐवजी एन-९५ मुखपट्टी वापरावी आणि वाऱ्याची दिशा पाहून धूळ आपल्यापासून दूर जाईल अशा बाजूला उभे राहावे.

प्रश्न: आम्ही छत्रपती संभाजीनगर येथे राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका येतात, नाक चोंदते आणि थंडीत रात्री खोकला येऊन छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. एका ठिकाणी रक्ताची मोठी तपासणी केली. अहवालात दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणे, वांगे, केळी अशा २२ पदार्थांपुढे खूण आहे, म्हणून ते सर्व बंद केले. सहा महिने झाले, शिंका तशाच आहेत आणि त्याचे वजन दोन किलो कमी झाले. डॉक्टरांनी पंप सांगितला होता, पण सवय लागेल म्हणून सासूबाई नको म्हणतात. त्या त्याला मृगाला हैदराबादला नेण्याचा आग्रह धरतात. काय करावे?

उत्तर: ताई, आपल्या पत्रातील वजन कमी झाल्याचे वाक्य वाचून मला फार वाईट वाटले. वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातून दूध, पोळी, वरण आणि शेंगदाणे एकाच वेळी काढून घेणे हे कोणत्याही कागदावरील खुणांच्या आधारे करण्यासारखे काम नाही.

खूण असणे आणि ॲलर्जी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध थोडे आयजीई सापडले, तर त्याचा अर्थ शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे इतकाच होतो. अशी कित्येक माणसे तो पदार्थ रोज खातात आणि त्यांना काहीही होत नाही. अन्नाची खरी ॲलर्जी बहुधा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते: ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते, दम लागतो, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की तसेच पुन्हा घडते. आपल्या मुलाने या २२ पैकी कोणता पदार्थ खाल्ल्यावर असे घडले, हे आठवून पाहावे. आपल्या पत्रात तसा एकही प्रसंग नाही. काही ठिकाणी तर अन्नाविरुद्धचे आयजीजी नावाचे दुसऱ्याच जातीचे प्रतिपिंड मोजून याद्या दिल्या जातात. त्या चाचणीचा ॲलर्जीच्या निदानाशी संबंध नाही, म्हणून आपला अहवाल नेमका कशाचा आहे तेही पाहावे. एकूण आयजीईचा आकडा जंतांमुळेही वाढतो.

म्हणून मी रुग्णाला आधी अहवाल मागत नाही, हकिगत विचारतो. त्रास कोणत्या वेळी होतो, कोणत्या खोलीत होतो, गावी गेल्यावर कमी होतो का, घरात आणखी कोणाला दमा किंवा इसब आहे का? सकाळी उठल्याबरोबर शिंका येणाऱ्या मुलाच्या बाबतीत माझा पहिला संशय अंथरुणावर जातो. गाद्या, उश्या आणि वाकळांमध्ये धुळीतले माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, जे आपल्या त्वचेच्या गळून पडलेल्या कणांवर जगतात. त्यांची विष्ठा हे ॲलर्जीचे मोठे कारण आहे. दमट हवेत ते वाढतात. मराठवाड्यातील कोरडा उन्हाळा त्यांना मानवत नाही, पण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांचे दिवस असतात. उन्हाळ्यात मात्र दुसरे कारण आपणच घरात आणतो: कूलरच्या जुन्या, ओल्या ताट्यांवर बुरशी धरते आणि रात्रभर तिचीच हवा मुलाच्या तोंडावर येते. ताट्या दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बदलाव्यात आणि टाकी नियमित घासून कोरडी करावी.

हा संशय तपासण्यासाठी ॲलर्जीतज्ज्ञ त्वचेवर टोचून करण्याची चाचणी करतात. हातावर द्रव्याचे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेल्या गांधीचे माप घेतात. तुलनेसाठी एक थेंब हिस्टामीनचा आणि एक निव्वळ द्रावणाचा असतो. निव्वळ द्रावणापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध आली आणि ती हकिगतीशी जुळली, तरच तिला अर्थ आहे. सर्दीच्या गोळ्या या चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. दम्याचा पंप मात्र बंद करू नये.

पंपाची सवय लागत नाही. पंपातील औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनलिकेत पोहोचते, तर गोळीतून त्याच जातीचे औषध कित्येक पटींनी अधिक मात्रेत साऱ्या शरीरात फिरते. मूल लहान असल्याने पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावावा आणि नंतर चूळ भरायला लावावी. नाकाचा स्टिरॉइड फवारा रोज घेतल्यावर काही दिवसांनी गुण दिसतो, दोन दिवसांत सोडून देऊ नये. एवढे करूनही त्रास राहिला, तर सिद्ध झालेल्या कारणाविरुद्ध इम्युनोथेरपी करता येते. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांवर सुरू केलेली ही पद्धत आजही वापरात आहे: दोषी द्रव्य अगदी अल्प मात्रेपासून वाढवत तीन ते पाच वर्षे देतात, आणि दमा आटोक्यात असल्याशिवाय ती सुरू करत नाहीत.

सासूबाईंचा जीव नातवासाठी तुटतो, हे आग्रहामागचे कारण आपणही जाणता. मृगाच्या मुहूर्तावर जिवंत माशातून दिल्या जाणाऱ्या औषधाने दमा बरा होतो, याचा वैद्यकीय पुरावा नाही. गर्दीत मुलाला झटका आला तर हाताशी काय असेल, एवढेच त्यांना शांतपणे विचारावे. त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्यावे आणि डॉक्टरांकडूनच पंप समजावून घ्यावा, असे मी सुचवेन. गाद्या-वाकळा कडक उन्हात घालण्याचे आणि मूल घरात नसताना झोडपण्याचे काम त्यांच्याइतके निगुतीने दुसरे कोणी करणार नाही. चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्याला ६० अंश तापलेल्या पाण्यात धुवावेत. बालरोगतज्ज्ञांशी बोलून बंद केलेले पदार्थ परत सुरू करावेत.

प्रश्न: हिंगोली जिल्ह्यात शिक्षिका आहे. तीन महिन्यांपासून जवळजवळ रोज अंगावर पित्त उठते आणि काही तासांत जाते. आमसुलाचे पाणी लावते. कारण सापडत नाही.

उत्तर: सहा आठवड्यांहून अधिक काळ उठणाऱ्या पित्तामागे बहुतेक वेळा खाण्यातील पदार्थ नसतोच. शरीराची प्रतिकारयंत्रणा आतूनच मास्ट पेशींना चिथावते. त्यामुळे कारणाच्या शोधात एकेक भाजी सोडत जाऊ नये. आमसुलाने थंडावा मिळत असेल तर अवश्य लावावे. गुंगी न आणणारी हिस्टामीनविरोधी गोळी रोज, पित्त उठले नाही तरी, घ्यावी लागते आणि गरज पडल्यास डॉक्टर तिची मात्रा वाढवतात. अंगदुखीच्या गोळ्यांनी पित्त वाढते का, ते पाहावे आणि थायरॉइड तपासून घ्यावे. एकच गांध २४ तासांहून अधिक राहून काळानिळा डाग सोडत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

प्रश्न: अंबड तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी मधमाशी चावली तेव्हा हात सुजला होता. गेल्या महिन्यात एकच माशी चावली आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलो. घरच्यांनी चुना लावला, मग दवाखान्यात नेले आणि वाचलो. बागेत जाणे सोडावे का?

उत्तर: आपल्याला झाली ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीची प्राणघातक प्रतिक्रिया होती. आग्या मोहोळ उठून शेकडो माश्या चावल्या तर विषाच्या मात्रेनेच कोणालाही धोका होतो. एका माशीने माणूस कोसळतो, तेव्हा ते ॲलर्जीचे लक्षण असते. (विंचूदंश ही निराळी गोष्ट आहे. आपल्याच जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. तो उपचार येथे लागू नाही.)

यावर पहिले औषध एकच आहे, ॲड्रेनलिन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात आणि गरज पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देतात. हिस्टामीनविरोधी व स्टिरॉइडची इंजेक्शने त्यानंतरची आहेत. त्यांची वाट पाहण्यात किंवा चुना, कांदा शोधण्यात जाणारा वेळ जिवावर बेततो. माशीचा काटा त्वचेत राहिला असेल तर तो ताबडतोब नखाने खरवडून काढावा. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर टेकून बसवावे, उभे करू नये आणि चालवत तर मुळीच नेऊ नये. १०८ ला फोन करावा. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण त्रास उलटून येऊ शकतो.

बाग सोडण्याची गरज नाही, पण आधी ॲलर्जीतज्ज्ञांना भेटावे. ॲड्रेनलिन जवळ बाळगण्याविषयी आणि ते टोचायला घरातील दोघांना शिकवण्याविषयी ते सांगतील. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर तिचे पाकीट सोबत न्यावे, कारण त्यांतील काही औषधांमुळे ॲड्रेनलिनचा गुण कमी येतो. तोवर मोसंबीच्या बहरात एकट्याने बागेत जाऊ नये, आणि बागेपासून सर्वांत जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्रीही ॲड्रेनलिन मिळते, याची चौकशी या आठवड्यातच स्वतः जाऊन करावी.